तहानलेला कोळसा

बोखुम शहरातल्या प्रयोगशाळेत रोस्विता काचमारेकला सव्वीस वर्षं झाली होती. कोळशाचा चुरा पोलादी कोठीत टांगायचा, कोठीत दाबाखाली कार्बन डायऑक्साइड भरायचा आणि कोळसा किती वायू धरून ठेवतो ते तोलून सांगायचं, हे तिचं काम. दीडशे-दोनशे बार दाबाला तो वायू ना धड वायू राहतो, ना धड द्रव. त्यात कोळसा पाण्यात उतरलेल्या माणसासारखा हलका होतो. तो हलकेपणाही मोजावा लागे. तराजू बाहेर, कोळसा आत, मध्ये पोलादाची भिंत आणि दोघांना जोडणारं फक्त एक चुंबक. बंद पडलेल्या खाणींखालच्या थरांत धुराड्यांतला हाच वायू मुरवता येईल का, हे अशा आकड्यांवरून ठरायचं होतं.

त्या वर्षी एकाच पोत्यातला कोळसा तीन प्रयोगशाळांना पाठवला होता. इतर दोन्हींचे आकडे एकमेकांशी जुळले. बोखुमचा आकडा एक पंचमांशानं कमी भरला.

"काचमारेकबाई, आपलंच घोडं कुठेतरी पेंड खातंय," प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर आलर्स म्हणाले. तरुण होते, येऊन वर्षच झालं होतं.

"म्हणजे माझा हात चुकला?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग म्हणायचं काय शिल्लक राहिलं?"

रोस्विताच्या मनाला ते फार लागलं. तीन आठवडे तिनं सगळं पुन्हा केलं. हेलियम भरून कोळशाचं आकारमान मोजलं, वायसर बदलले, तापमापक तपासले. आकडा जागचा हलेना.

रविवारी ती हेर्नला वडिलांकडे गेली. आल्फोन्स तेहतीस वर्षं खाणीत उतरलेले. केकचा तुकडा कॉफीत बुडवत त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"वाळवलास नीट?"

"निर्वातात, पूर्ण दिवस."

"मग?"

"मग तोलते. डॉक्टर येऊन नोंदीवर सही करतात. मग कोठीत टांगते."

"आणि ते येईपर्यंत कोळसा उघडा?"

रोस्विताचा घास हातातच राहिला.

"वाळवलेला कोळसा तहानलेला असतो, पोरी," आल्फोन्स म्हणाले. "मिळेल ते पितो. हवेतली ओल त्याला काय वर्ज्य आहे?"

सोमवारी तिनं वाळवलेला चुरा साध्या तराजूवर उघडा ठेवला आणि दर पाच मिनिटांनी वजन लिहीत बसली. चाळीस मिनिटांत ते जवळजवळ दीड टक्क्यानं वाढलं. कोळशाच्या बारीक छिद्रांत पाणी आधीच जाऊन बसत होतं. वायूला जागा उरणार कुठून?

आलर्सांनी कागद दोनदा वाचला. त्यांचे कान लाल झाले.

"सही करायला मी एवढा वेळ लावतो?"

"कधी कधी तासभर. पण झाकण घालायला मला कुणी अडवलं नव्हतं."

"सहीचा नियम माझा होता."

"आणि सव्वीस वर्षांचा अनुभव माझा. चूक निम्मी निम्मी वाटून घेऊ या, डॉक्टर."

आलर्स पहिल्यांदाच मोकळे हसले. "माझं त्या दिवशीचं बोलणं मात्र सगळं माझ्याच वाट्याला घाला. माफ करा."

पुढे कोळसा कोठीत टांगूनच तिथल्या तिथे वाळवायचा, असं ठरलं. तीन आठवड्यांनी बोखुमचा आकडा इतरांच्या दोन टक्क्यांच्या आत आला. वाळवण्याच्या पद्धतीवर लिहिलेल्या टिपणात आलर्सांनी रोस्विताचं नाव पहिलं घातलं आणि वसंतात डेल्फ्टला भरणाऱ्या संशोधकांच्या बैठकीत तिनंच बोलावं, असा हट्ट धरला.

"माझं इंग्रजी ऐकून लोक उठून जातील!"

"आकडे तुमचे आहेत. ते बोलतील."

ती गेली. पहिल्या दोन वाक्यांत ती अडखळली, मग वजनांचा तक्ता पडद्यावर आला आणि ती सावरली. संपल्यावर दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या एक पिकल्या केसांच्या बाई वही घेऊन पुढे आल्या. "झाकण किती वेळात लावायचं? आमचा कोळसासुद्धा थोडा पीत असणार."

स्टेशनवरूनच तिनं हेर्नला फोन लावला.

"टाळ्या वाजवल्या का?" आल्फोन्सनी विचारलं.

"वाजवल्या, बाबा. पण त्याआधी अर्धा तास नुसते प्रश्न!"

"मग ऐकलं म्हणायचं त्यांनी," म्हातारा समाधानानं म्हणाला.