रस्सा आधी पाजला, मग व्हिस्की

माझ्या व्याह्यांनी मला फसवलं, आणि तेही अख्ख्या रस्सा मंडळासमोर.

आमचं मंडळ म्हणजे शिरोली एमआयडीसीतले आम्ही काही छोटे कारखानदार आणि आमचे पाहुणे. अधूनमधून कुणाच्या तरी रानात चूल मांडायची, मटण शिजवायचं, तांबडा-पांढरा रस्सा ओरपायचा. यात एक मान असतो, मीठ बघायचा. रस्सा उकळला की एकजण पळीने वाटीत घेतो, भुरकतो आणि सांगतो. तो बोलेपर्यंत कुणी ताट मांडत नाही. बरीच वर्षं ती पळी माझ्याकडे होती. लेथवर हेल्पर म्हणून लागलो, पुढे स्वतःची शेड टाकली. पण शेडपेक्षा मला त्या पळीचं कौतुक जास्त.

खरेदीचं माझं तत्त्व साधं आहे. माल भारीतला घ्यायचा, पण भाव पाडून. लेथवरचं स्वस्तातलं टूल बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं काम कापताना दुपारपर्यंत टिकत नाही. म्हणून मी भारीतलं मागतो आणि किमतीवरून भांडतो, उठून दारापर्यंत जातो, परत येतो, विकणाऱ्याचाच चहा पितो आणि पुन्हा भांडतो. दारूच्या दुकानात यातलं काहीच चालत नाही. शिरोळला व्याह्यांच्या रानात रस्सा ठरला, म्हणून मी चांगली व्हिस्की घ्यायला गेलो. दुकानदाराने छापील किमतीवर बोट ठेवलं.

"काही कमी-जास्त?" मी विचारलं.

"पावणं, कमीच पायजे तर कमीतली घ्या की. ती बी चढतीया."

"चढायचं नाही, चांगली पाहिजे."

"मग चांगलीचं पैसं द्या."

आयुष्यात पहिल्यांदा मी घासाघीस न करता पैसे दिले. एवढे पैसे घेतलेत म्हणजे आत काहीतरी असणारच, अशी माझी समजूत.

रानात व्याह्यांनी बाटलीचा खोका उलटासुलटा करून बघितला. त्यांचा सगळा ऊस साखर कारखान्याला जातो, त्यामुळे दारूच्या मुळाशी आपण आहोत असं त्यांना वाटतं.

"पावणं, आमच्या उसाची साखर झाली की मळी उरतीया. त्या मळीचीच ही. तुमी खोक्याचं पैसं दिलासा."

"ही धान्याची आहे. लेबल वाचा."

"पोटात गेल्यावर कोण वाचतंय? ही आन् आमच्या गावच्या दुकानातली, डोळं झाकून वळखशिला?"

"झोपेतनं उठवून पाजा, तरी ओळखतो."

"न्हाय वळखली तर पळी माझ्याकडं."

मी तावातावाने हो म्हणालो. व्याही पेले भरायला मोटरच्या खोलीमागे गेले. जाता जाता म्हणाले, "रस्सा उतरायला आलाय, तवर मीठ बघून घ्या." त्या दिवशी रश्श्यात लाल तिखटाची चटणी त्यांनी स्वतः ओतली होती, आणि हात राखला नव्हता. मी एक वाटी भुरकली. तिकडून आवाज आला, "मीठ कमी वाटतंय का? परत बघा की." मान आपला, काम आपलं, म्हणून मी परत बघितलं. मग तळातलं नीट ढवळून आणखी एकदा. कान तापले, नाक गळायला लागलं. तेवढ्यात स्टीलचे दोन पेले समोर आले.

डोळे झाकून मी पहिला घोट घेतला. जाळ. दुसरा घेतला. जाळच. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मी दुसऱ्या पेल्यावर बोट ठेवलं आणि म्हणालो, "ही माझी."

ती गावच्या दुकानातली निघाली. एक फौंड्रीवाला म्हणाला, "पावण्यास्नी खोका चाखाय द्यायला पायजे हुता." सगळे हसले. मी भडकलो. जावई पुढे आले. "मामा, जाऊ द्या." आणि पळी गेली.

पुढच्या रविवारी मी घरी, रिकाम्या पोटी, चूळ भरून बसलो. भारीतली उरलेली होती, गावातली मुद्दाम आणली. बायकोला पाठीमागे उभं राहून ओतायला लावलं.

"दोनीचा बी घाण वास येतोय," ती नाकाला पदर लावून म्हणाली. "सकाळच्या पारी ह्यो काय उद्योग?"

तिने अदलाबदल करून दिली, मी दर वेळी बरोबर ओळखली. स्वस्तातली घसा खरवडत जाते आणि मागे उगीच गोडसर राहते. भारीतली सरळ उतरते आणि तिचा वास तोंडात रेंगाळतो. फरक आहे. किमतीत आहे तेवढा नाही, हेही खरं. टूलमध्ये दुप्पट पैशाला चौपट काम मिळतं, इथे बरेचसे पैसे खोका आणि बाटलीचं जाड बूड खाऊन जातात. पण फरक आहे, आणि तो मला कळतो. साक्षीदार एकटी बायको, आणि ती म्हणते, मला यात ओढू नका.

व्याह्यांना फोन करून हे सांगितलं, रश्श्याने जीभ भाजली होती हेही सांगितलं. ते म्हणाले, "हारल्यावर सगळ्यांचीच जीभ भाजल्याली असती, पावणं."

तेव्हापासून मीठ तेच बघतात. गेल्या खेपेचा रस्सा खारट होता. सगळे माना डोलावत प्याले.

लेक त्यांच्या घरात आहे म्हणून मी आजवर आवाज चढवला नाही. आता चढवतो. पुढच्या वेळी चूल पेटायच्या आधी, सगळे उपाशी असताना, व्याह्यांनी मंडळासमोर उभं राहावं आणि सांगावं: ज्याची जीभ तपासायची होती, त्याला पेले यायच्या आधी पुन्हा पुन्हा तांबडा प्यायला कुणी लावलं, आणि का? पावणं, उत्तर द्या.