गिरजाआत्याची पळसवेल

टोपलं विणायला बसलं की दोन्ही हात गुंततात आणि तोंड तेवढं मोकळं राहतं. मग किस्से साचणार नाहीत तर काय! लग्न होऊन मी शेलूबाजारजवळच्या या गावात आले तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं, आणि आमच्या मळ्यातली वांगी-मिरची बाजाराला जायची ती पळसवेलीच्या टोपल्यांतून. ही वेल जंगलातून आणणाऱ्या आम्ही तिघी: माझ्या नवऱ्याची आत्या गिरजाआत्या, शेजारची सरजा आणि मी. माझं माहेर इंझोरी. तिथे आम्ही टोपली विकत घ्यायचो. ती कशाची होते हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

*

पहिल्याच दिवशी मी जंगलातली सगळ्यात जाड वेल शोधली, बुडापासून कापली आणि मोठ्या फुशारकीनं आत्यापुढे टाकली.

आत्यानं वेल चाचपली. "बुडातून कापली? आता पुढच्या साली काय माह्या केसाचं टोपलं करशीन?"

मग कळलं की गुडघ्याएवढी वेल मागे ठेवायची, म्हणजे ती पुन्हा फुटते. आणि टोपल्याला करंगळीएवढीच वेल लागते, मनगटाएवढी नाही. माझी ती वेल गोठ्याचं फाटक बांधायला गेली. पुढे कित्येक वर्षं टिकली, हे मात्र खरं!

*

कापलेली वेल नाल्यात दगडाखाली दोन रात्री भिजवायची आणि मग सोलायची. मी पाच रात्री भिजवली. डाळ जास्त भिजली की मऊ होते, तसंच हेही असेल असं मला वाटलं! टोपलं झालं. सासूबाई त्यात वांगी भरून बाजाराला गेल्या. गिऱ्हाईक यायचं, वाकायचं आणि नाक धरून पुढे जायचं. शेवटी सासूबाई भर बाजारात ओरडल्या, "वांगे ताजे हायेत बाप्पा! सुनेचं टोपलं सडलं!"

अशा माझ्या सासूबाई. त्यांच्यासमोर डोळ्यांतून टिपूस काढायची सोय नव्हती.

*

पळसवेल झाडाला गुंडाळत वर जाते. नुसती ओढली तर तुटते. म्हणून कापलेलं टोक धरून झाडाभोवती उलट्या फेऱ्या मारायच्या, की ती आपोआप सुटत येते. एकदा आम्ही तिघी एका मोहाच्या झाडाभोवती अशा फिरत होतो. एक वाटसरू थबकला. "बाई, प्रदक्षिणा उलटी काहून घालून राह्यल्या?"

आत्या म्हणाली, "देवानं गुतवलं, आमी सोडवून राह्यलो!"

त्या भल्या माणसानं वहाणा काढल्या आणि आमच्यामागून पाच फेऱ्या घातल्या! पुढच्या बाजाराच्या दिवशी पाहतो तर बुंध्याला शेंदूर, खाली नारळ. आता त्या झाडाची वेल कोण कापणार? चांगल्या सात-आठ टोपल्यांची वेल देवाच्या नावानं गेली. आत्या त्या वाटसरूला आठवडाभर शिव्या देत होती. सरजा मात्र जाता-येता हात जोडायची. म्हणायची, "काय सांगावं, असला तर!"

*

आमच्याकडे पास होता तो फक्त वाळलेल्या लाकडांचा. ओली वेल न्यायला बंदी. एक दिवस भारे घेऊन निघालो तर वाटेत जंगलाचा नाकेदार उभा. त्यानं माझ्या भाऱ्यातली वेल वाकवून पाहिली. "ही तं ओली हाय! वाकून राह्यली!"

सरजा आणि मी मागे सरकलो. आत्या पुढे झाली. "मी साठीची झाली बाप्पा, सुकून गेली. पन अजून वाकून राह्यली का नाई? मंग मी काय ओली हाव?"

नाकेदाराला इतकं हसू आलं की त्यानं आम्हाला सोडून दिलं. गावाजवळ आल्यावर सरजा म्हणाली, "आत्या, नाकेदारासंग अशी बोलली तू?"

आत्या जागीच थांबली. "नाकेदार होता तो? मले वाटलं आपला बकऱ्यावाला!"

खाकी ड्रेस, पट्ट्यावरचा पितळी बिल्ला, सगळं उन्हात चमकत होतं. सरजानं माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघी हसलो नाही.

*

सरजाच्या तोंडात तीळ भिजत नाही. आत्याचे डोळे गेल्याची बातमी तिच्या मुलाच्या, रामभाऊजींच्या कानावर गेली. "आजपासून जंगल बंद," ते म्हणाले. "तिथं साप हायेत, नाले हायेत." चुकीचं नव्हतंच ते. पण आत्या अंगणात बसली ती बसलीच. "हे तं जितेपनी गाडनं झालं," एवढंच म्हणाली. मला फार वाईट वाटलं.

चौथ्या दिवशी तिनं मुलाला हाक मारली. "सोललेली वेल आन. कोनती कोनाच्या हातची ते सांगीन. चुकली तर मरेपर्यंत घरी बसीन."

गंमत पाहायला सासूबाईही आल्या. रामभाऊजींनी वेलीची वेटोळी मुद्दाम उलटसुलट ठेवली. आत्यानं पहिलं हातात घेतलं. "हे सरजाचं. घाईचं काम." बरोबर! "हे माहं." बरोबर! तिसरं तिनं बराच वेळ बोटांतून फिरवलं.

"हे सूनबाईचं. आन हे सोललं तवा ते रडून राह्यली होती."

रामभाऊजी हसले. "चुकली आई! वेलीवरून रडनं ओळखू येते काय? आता बस घरी."

मी खरंच रडले होते. इंझोरीला भावाचं लग्न होतं, सासूबाईंनी पाठवलं नव्हतं, आणि त्या दिवशी मी नाल्यावर एकटीच वेल सोलत होते. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, सरजालाही नाही. सासूबाई समोरच उभ्या होत्या.

मी पदर सावरला. "आत्याचं बरोबर हाय. रडली होती मी. भावाच्या लग्नाच्या दिवशी."

सासूबाई घरात गेल्या. रामभाऊजींनी वळचणीतला वेल कापायचा विळा काढला आणि आईच्या हातात दिला. मग म्हणाले, "पन तुले समजलं कसं?"

"समजलं कसं म्हंजे? हात लावून पाह्य ना!"

त्यांनी हात लावून पाहिला. सरजानंही पाहिला. मी तर ते वेटोळं विणलंच नाही, पेटीत ठेवून दिलं आणि कितीदा तरी चाचपून पाहिलं. मला ते इतर वेलीसारखंच लागलं.