सुनेत्राच्या बॅगेतला नारळ

आमची सुनेत्रा बावन्नाव्या वर्षी हॉस्टेलात राहायला गेली. वाक्य पुन्हा वाचू नका, बरोबरच लिहिलंय.

सुनेत्रा माझी सून. नागपूरला बॉटनीत पहिली आलेली. लग्न होऊन इंग्लंडात वॉटफर्डला आली आणि इथल्या एका शाळेच्या लॅबमध्ये दुसऱ्यांच्या मुलांच्या परीक्षानळ्या धूत राहिली. मागच्या काचेच्या खोलीत, कन्झर्व्हेटरीत, जुन्या बाथटबमध्ये अळू लावायची. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला अळूचं फदफदं तिच्याच हातचं. लोकांच्या लेखी एवढीच तिची ओळख, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

अशा बाईने २००६च्या उन्हाळ्यात अळूवड्या तळता तळता सांगितलं, "आई, मला अॅडमिशन मिळालीय. कॅरिबियनमध्ये, एका बेटावर. एम.एस्सी. माडांच्या रोगांवर."

मी पुण्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवलेली बाई, सहसा दचकत नाही. पण कपातला चहा बशीत आला. माझा मुलगा पद्माकर हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. जन्मभर लोकांना भूल देतो, त्या दिवशी त्याचीच शुद्ध हरपली.

"माडांच्या रोगांवर? वॉटफर्डमध्ये माड कुठेत?"

"म्हणूनच तिकडे चाललेय," सुनेत्रा म्हणाली आणि वडी उलटली.

निघायच्या दिवशी मंडळाच्या मनीषाताई ओटी भरायला आल्या. या मनीषाताई जीपीच्या सर्जरीत, म्हणजे इथल्या डॉक्टरच्या दवाखान्यात, रिसेप्शनिस्ट. सगळ्या वॉटफर्डला अपॉइंटमेंट आणि सगळ्या मंडळाला शास्त्र, दोन्ही त्याच देतात. सुनेत्राने साडी नेसून पदर पुढे केला. तांदूळ, खारीक, हळकुंड, सुपारी आणि शेंडीचा नारळ. नमस्कार झाल्यावर तिने सगळं डायनिंग टेबलावर काढून ठेवलं.

"मनीषाताई, हे तिथे नेता येत नाही. बेटावरचे माड पिवळे पडून मरतायत. बाहेरचा नारळ आत न्यायला बंदी आहे."

"अगं, ओटीचा नारळ मागे ठेवून जातात का कधी?"

"ठेवतात. मी ठेवतेय," ती म्हणाली आणि साडी बदलायला वर गेली.

टॅक्सी गॅटविक विमानतळाकडे गेल्यावर मी आत आले, तर टेबल रिकामं. मला वाटलं, पद्माकरने उचलून देवापुढे ठेवलं असेल.

नव्हतं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सुनेत्राचा फोन. आवाज इतका सपाट की मी आधी ओळखलाच नाही. विमानतळावर बॅग उघडली, कपड्यांखाली कुंकू लावलेला नारळ. आणि कस्टम्सच्या कार्डावर ही स्वतःच्या सहीने लिहून बसलेली, की माझ्याकडे झाडाचा कुठलाही भाग नाही! माडाचा रोग शिकायला आलेली विद्यार्थिनीच चोरून नारळ आणते! कॉलेज लेक्चरला बसू देणार, पण माडांच्या प्लॉटमध्ये पाऊल टाकायचं नाही. शेतीखात्याचा परवाना थांबलेला. तो मिळाला नाही, तर प्रॅक्टिकल नाही. प्रॅक्टिकल नाही, तर परत वॉटफर्ड.

"बॅग कुणी भरली, विचारलं असेल ना?"

"मीच भरली म्हणाले."

"वेडी आहेस का तू?"

"आई, पकडलेला प्रत्येक माणूस सांगतो, दुसऱ्याने ठेवलं म्हणून. आणि मनीषाताईंचं नाव काय कस्टम्सला सांगू?"

पद्माकर शेजारून ऐकत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "मग ये म्हणावं परत. झाली हौस." मी त्याच्याकडे पाहतच राहिले. माझ्या पोटचा मुलगा, आणि चेहऱ्यावर चक्क हायसं वाटल्याचं दिसत होतं! त्या रात्री मी त्याला पोळी वाढली नाही. घे म्हटलं हाताने.

पुढचे फोन म्हणजे धक्क्यांवर धक्के. हॉस्टेलात सात जणांत एक स्वयंपाकघर. बाथरूममध्ये खेकडे, हे एवढाले, नांग्या उगारून दारात. संध्याकाळी दिवे जातात, मग सगळी पोरं व्हरांड्यात बसून हिच्याकडून लॅटिन नावं पाठ करून घेतात. रूममेट ब्रिस्टलची, हिची लेक शोभेल अशा वयाची, सिंकमध्ये भांड्यांचा ढीग लावणारी.

"मग तूच घासत असशील."

"नाही. मी माझंच ताट घासते."

आमच्या घरात हे वाक्य कधी कुणी ऐकलं नव्हतं. तिच्या आवाजात काहीतरी उजळलं होतं, आणि लगेच विझलंही. "सकाळी बाकीचे बूट चढवून माडांकडे जातात, आई. मी खिडकीतून बघते. वर शेंडा झडलेला, नुसते खांब उभे. आणि मला हात लावायचा नाही."

मी कोट घातला आणि मनीषाताईंचं घर गाठलं.

"नारळ तुम्ही ठेवलात."

"शुभच केलं की मी!"

"तुमच्या शुभाने तिचं शिक्षण बुडतंय. फोन करा आणि सांगा त्यांना."

"आणि मंडळात काय तोंड दाखवू? मनीषाने भरलेली ओटी बाधली, असं म्हणतील."

"नाही केलात, तर मीच सांगेन मंडळात. माइकवरून."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी माइकवरून काय काय बोलू शकते, हे त्यांना ठाऊक आहे. फोन लावला, स्पीकरवर. पलीकडे शेतीखात्याची ऑफिसर, सावकाश बोलणारी बाई. मनीषाताईंनी सर्जरीतल्या ठसक्यात सांगितलं की नारळ आपण ठेवला, सुनेत्राने स्पष्ट नाही म्हटलं होतं, टेबलावर काढूनही ठेवला होता, ती वर गेल्यावर आपण बॅगेत खुपसला. आमच्यात बाई रित्या ओटीने घराबाहेर पडत नाही.

ऑफिसरने विचारलं, "आणखी काही ठेवलंत?"

"हो तर! तांदूळ. खारीक, हळकुंड, सुपारी. हिरव्या साडीच्या घडीत."

मी डोकं धरलं. मग ऑफिसर म्हणाली, "मॅडम, ते आम्हाला सापडलेलंच नाही."

संपलं, असं मला वाटलं. पण ती बाई हसायला लागली. म्हणाली, लपवणारी माणसं यादी वाढवत नाहीत.

हॉस्टेलात येऊन शेतीखात्याच्या लोकांनी साडी उलगडली. सुपारीसुद्धा निघाली. सुनेत्राला ताकीद मिळाली आणि परवानाही. जप्त झालेलं सगळं भट्टीत जाळतात, तिथे तिला सही करायला बोलावलं होतं.

"आई, ओटी अग्नीत गेली," फोनवर म्हणाली. "मी चपला काढून नमस्कार केला. ऑफिसरबाईंनी टोपी काढली. आणि उद्या सकाळी मला बूट घालायचेत." एवढं बोलून फोन ठेवलासुद्धा. पद्माकर शेजारीच उभा होता. त्याची चौकशी करायची राहिलीच.

नाताळात आली, तर नखांत माती आणि पोटऱ्यांवर डासांचे फोड. रंग असा रापलेला की शेजारणीने ओळखलं नाही. पद्माकरने तिच्यासाठी स्वतः चहा केला. साखर विसरला, पण केला.

परत निघायच्या दिवशी मनीषाताई आल्याच. कुंकू लावलं. सुनेत्राने आपणहून पदर पुढे केला, तशी त्यांनी पर्स उघडली.

"मनीषाताई," मी म्हटलं.

"बघतेय हो नुसती," त्या म्हणाल्या आणि पर्स मिटली.

टॅक्सी येईपर्यंत मी बॅगेवर बसून राहिले.