आत्याबाईनं सूर लावला

माझ्या लेकराचं रक्त गोठत न्हाई. हिमोफिलिया म्हणतात त्याला. कापलं-खरचटलं तर लोकांना दिसतं तरी. आत रक्त सुटलं तर कुणाला पत्ता लागत न्हाई. म्हणून डोक्याला मार बसला की आधी शिरेतून फॅक्टर, म्हणजे रक्त गोठायचं औषध, मग डोक्याच्या आतला फोटो, मग बाकीचं पुराण. हे मला झोपेतसुद्धा पाठ.

पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेलो आणि पोरगं पायरीवरून डोक्यावर आपटलं. तसंच जीपमध्ये घालून परभणीचा दवाखाना गाठला. सोबत नणंद. आमच्या पेडगावात कुठलीही मयत असो, रडायचा पहिला सूर तिचा. मेलेल्याचे असे गुण सांगती की घरच्यांनाही नवल वाटावं.

तिथल्या तरण्या डॉक्टरानं पोराकडं बघितलं. पोरगं बिस्कीट खायलंय. रक्त कुठंय, बसा तिकडं, म्हणाला, आणि बोट कापून शर्ट लाल केलेल्या माणसाकडं वळला. मी समजावलं, मग भांडले. माझा आवाज चढला तसा तो जास्तच बहिरा झाला. आत रक्त सुटलं असलं तर लेकरू हातचं जायचं, आणि हा मेला बोटाला पट्टी बांधायलाय!

तेवढ्यात नणंदेनं डोक्यावर पदर ओढला, फरशीवर बसकण मारली आणि सूर लावला. कसा गं माझा राजा दुधात भाकर चुरून खायचा, कसा गं आत्याच्या मांडीवर निजायचा. अख्खा दवाखाना गोळा झाला. बोट कापलेला माणूससुद्धा डोळे पुसायला लागला. पोरगं म्हणलं, आत्या, मी हाय की. तिनं आवाज अजून चढवला.

कोण गेलं म्हणून मोठे डॉक्टर धावत आले. मी हिमोफिलिया म्हणल्याबरोबर त्यांनी फॅक्टर मागवलं, शिरेत दिलं आणि मगच फोटोला पाठवलं. फोटो चांगला निघाला, आत रक्त सुटलं नव्हतं. मी तिथंच खाली बसले.

डॉक्टरांनी लेकराला नजरेखाली ठेवून घेतलं. खाटेवर पडल्या पडल्या त्यानं विचारलं, "आत्या, मी खरंच मेलो तर असंच रडशील का?"

तिचा हात धपाटा घालायला वर गेला. पण याच्या पाठीला धपाटाही सोसत न्हाई. तिनं तो आपल्याच मांडीवर मारला.

"तवा मला रडताच यायचं न्हाई," ती म्हणाली.