सगळ्यांच्या मागून चालणारा सिरिल

आमच्या बर्नली गावच्या बुधवारच्या भटकंती क्लबात दोन प्रकारची माणसं होती. काहींना डोंगर चढायचा असायचा आणि काहींना डोंगरासाठी खरेदी करायची असायची. आमचा अध्यक्ष हॅरल्ड दुसऱ्या प्रकारातला. दर महिन्याला नवं जाकीट, नाही तर नवी काठी. काठी हातात घेऊन ती किती हलकी आहे हे तो इतका वेळ सांगायचा, की ऐकणाऱ्याचेच हात दुखायला लागायचे.

सिरिल ग्रिमशॉ या दोन्ही प्रकारांत बसत नव्हता. त्याला फक्त सगळ्यांच्या मागून चालायचं असायचं.

चौतीस वर्षं तो मालगाडीवर गार्ड होता. शेवटचा डबा त्याचा. गाडी समोरून गेली की सिग्नलच्या केबिनमधला माणूस डबे मोजत बसत नाही, तो शेवटच्या डब्याचा तांबडा दिवा बघतो. दिवा दिसला म्हणजे गाडी पूर्ण गेली. नाही दिसला तर मध्ये कुठेतरी गाडी तुटलीय आणि डबे मागे राहिलेत. हे सिरिलनं आम्हाला निदान पन्नास वेळा सांगितलं असेल. पुढे रेल्वेनं गार्डाचे डबे काढून टाकले आणि डब्याबरोबर सिरिललाही घरी पाठवलं. तेव्हा तो पंचावन्न वर्षांचा होता. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. पुढच्याच बुधवारी तो क्लबात आला, रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिला आणि पुढची चौदा वर्षं तिथून हलला नाही.

टोपीची पद्धत त्यानंच घालून दिली. लोकरीची, भडक नारिंगी टोपी, त्याच्या थोरल्या बहिणीनं विणलेली. "विनी," तो मला म्हणाला, "तू पुढे असलीस की डोकी मोजत बसू नकोस. धुक्यात निम्मे लोक भिंतीआड लघवीला गेलेले असतात, मोजणी कधी जुळायची नाही. माझी टोपी बघ. टोपी आली म्हणजे सगळे आले."

ते पटलं, आणि सोयीचंही होतं. मी शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म पोरांच्या बश्या मोजण्यात घालवलेला. डोंगरावर तरी मोजायचं नाही याचा मला आनंदच झाला.

मंगळवारी दुपारी सिरिलच्या घरी गेलं तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर पिशवी रिकामी केलेली दिसायची. दर आठवड्याला तो ती पूर्ण उपसायचा आणि पुन्हा भरायचा. बुटांच्या जादा नाड्या, तीन लांबींच्या. दोन जोड मोजे, लोकरी हातमोजे, एक जादा टोपी, पायाच्या फोडांच्या पट्ट्या, पुदिन्याच्या साखरवड्या, थर्मास. माणूस आख्खा आत शिरेल एवढी प्लास्टिकची पिशवी. बॅटरीतला एक सेल मुद्दाम उलटा घातलेला, म्हणजे सामानात बटण दाबलं जाऊन ती उतरायला नको. आणि गळ्यात शिट्टी. मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं की कोणी तरी संकटात आहे.

"एवढं सगळं कुणाचं रे?" मी एकदा विचारलं.

"तुमचं. माझं त्यात एक सँडविच आहे."

हॅरल्ड त्याची थट्टा करायचा. "सिरिल, आत एखादी नर्सही असेल बघ."

"होती की. तुला बघितलं आणि उतरून गेली."

पण हसणाऱ्यांपैकी प्रत्येकानं कधी ना कधी त्या पिशवीतलं काही ना काही घेतलेलं होतं, आणि परत करायचं विसरलेलं होतं.

शेवटच्या दोन हिवाळ्यांत तो मंदावला. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण मागचा माणूस मागे असायचाच. मग चढावर तो थांबायला लागला. दगडी कुंपणाला हात टेकून म्हणायचा, "देखावा बघतोय." दहा हातांपलीकडचं दिसत नसायचं, तरी देखावा. आमच्यातली सगळ्यांत सावकाश चालणारी बाईसुद्धा त्याच्या बरीच पुढे जायला लागली. प्रत्येक फाटकापाशी आम्ही वीस-वीस मिनिटं उभे राहून काकडायचो.

वेळेचं गणित माझ्याकडे असायचं. तासाला तीन मैल, दर हजार फूट चढाला अर्धा तास जास्त, शिवाय जेवण. त्यात वर्षभर मी सिरिलसाठी गुपचूप पाऊण तास धरत होते. जून-जुलैत ते खपलं. ऑक्टोबरात उजेडच एवढा कमी, की पाऊण तास आणायचा कुठून?

कमिटीच्या बैठकीत हॅरल्ड म्हणाला, "मागे माणूस हवा हे मान्य. पण आता त्याच्या मागे आणखी एक ठेवायचा का आपण?"

कोणी हसलं नाही. ठरलं ते असं, की सिरिलनं यापुढे कालव्याकाठच्या छोट्या फेरीला जायचं. सपाट रस्ता, अर्ध्या वाटेवर चहा. आणि त्याला हे सांगायचं कोणी, तर मी, कारण ऑक्टोबरात सगळ्यांच्या पुढे चालायची पाळी माझी होती.

"तुझं ऐकेल तो," हॅरल्ड म्हणाला. अवघड काम दुसऱ्याच्या गळ्यात घालताना माणसं नेहमी असंच बोलतात.

मंगळवारी मी सांगायला गेले. टेबलावर सगळा संसार मांडलेला. तो नाड्यांच्या टोकांना मेण लावत बसला होता. "उद्या इंगलबरोच्या डोंगरावर वारा असणार," तो म्हणाला. "जादा टोपी एकच आहे, अजून एक हवी होती." मी तीन कप चहा प्यायले, हवेबद्दल बोलले आणि घरी आले. उद्या उतरल्यावर सांगू, असं ठरवलं. इतकी भित्री मी आयुष्यात कधी नव्हते.

बुधवारी आम्ही चौदा जण होतो. एका बाजूनं चढून इंगलबरोच्या माथ्यावरून पलीकडे क्लॅपम गावात उतरायचं, तिथे बस थांबणार. एक बाई नवी होती, डोरीन, पोस्टातून निवृत्त झालेली, उंच, हाडापेरानं थेट सिरिलएवढी. नव्या माणसाला सिरिलनं टाइप केलेली सामानाची यादी आम्ही पाठवायचो. त्यात पहिलीच ओळ होती: जीन्स नको. डोरीन जीन्स घालून आली, आणि डोकं उघडं.

"यादी मिळाली नाही का?" मी विचारलं.

"मिळाली ना. मला वाटलं, ते आपलं लिहायचं म्हणून लिहितात."

पहिल्याच खिंडीत वाऱ्यानं हॅरल्डची महागडी टोपी उडवली, ती यॉर्कशरच्या मेंढरांना बक्षीस गेली. सिरिलची जादा टोपी हॅरल्डच्या डोक्यावर चढली. वर ढग खाली आलेले, पाऊस आडवा. जीन्स भिजून डोरीनच्या पायांना चिकटली. ती मागे पडत पडत सिरिलपाशी पोचली, एवढं मी वळून पाहिलं होतं. पुढचं मला दिसलं नाही, ढग मध्ये आला.

इंगलबरोचा माथा म्हणजे सपाट पठार आहे, वर वाऱ्याच्या आडोशाला फुलीच्या आकाराची भिंत. तिच्या आडोशाला मी उभी होते आणि माझं लक्ष घड्याळाकडे होतं. एकेक जण येत होता. सगळ्यांची जाकिटं सारखी, टोप्या वर ओढलेल्या, चेहरे खाली. मनात सारखं एकच चाललेलं, आज सांगायचंय, आज सांगायचंय. म्हटलं, आता वीस मिनिटं उभं राहावं लागणार, हॅरल्ड सुस्कारे सोडणार.

आणि तीन मिनिटांत ढगातून नारिंगी टोपी आली.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. म्हातारा वेळेत आला. हॅरल्डकडे मी असं बघितलं, की बघ, कोण म्हणत होतं मंदावलाय? आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त बरं याचं वाटलं, की आता आज सांगायला नको. आणखी काही दिवस ढकलता येईल. मी टोपीखाली बघितलंच नाही. "सगळे आले," मी ओरडले, "चला खाली, गोठाल इथे."

दोन तासांनी क्लॅपमच्या चहाच्या दुकानात शिरताना टोपी काढली गेली आणि तिच्याखालून पांढऱ्या केसांचा अंबाडा निघाला.

"सिरिल कुठंय?" मी विचारलं.

"मागून येतायत ना?" डोरीन म्हणाली. "मी कुडकुडत होते. ते म्हणाले, माझ्या चालीनं आलीस तर गोठशील बाळ, ही टोपी घाल आणि झपाझप पुढे हो. मी भिंतीपाशी आल्यावर कोणाला तरी सांगितलं, ते येतायत म्हणून." मग तिनं टोपीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "या टोपीचं काय आहे? मला कोणी काही सांगितलं नाही."

यादीत ते नव्हतं. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी लिहिलंच नव्हतं.

दुकानातून फोन केला. डोंगरावरच्या शोधपथकाची माणसं वर गेली. सिरिल सापडला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला, माथ्याच्या खालच्या चुनखडीतल्या एका खळग्यात, आपल्या त्या प्लास्टिकच्या पिशवीत. खुबा मोडलेला, ओठ निळे. शोधायला गेलेल्यांतल्या एकानं पुढे मला सांगितलं, की त्यांना बघून तो पहिलं वाक्य बोलला ते असं: "मला राहू द्या. वर तेरा माणसं हरवलीत, आधी त्यांना बघा."

तो भिंतीपाशी पोचला तेव्हा तिथे कोणी नव्हतं. आम्ही त्याला सोडून गेलो असू हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्याला न बघता विनी निघणार नाही, म्हणजे आमचंच काहीतरी बिनसलंय, असा त्यानं हिशेब केला. मग तो आम्हाला शोधत पठाराच्या कडेकडेनं फिरत राहिला, एकेक शिट्टी मारत. आम्हाला वाट कळावी म्हणून. सहा शिट्ट्या त्यानं पडल्यानंतरच मारल्या. तोवर आमच्या हातात चहा होता.

हॉस्पिटलात चार महिने गेले. खुब्यानंतर न्यूमोनिया झाला, मग पायातली ताकद गेली ती गेलीच. तिथून त्याला वृद्धाश्रमात हलवलं. खिडकीतून कचऱ्याचे डबे दिसतात आणि त्यांच्यामागे वीटभिंत. क्लब वसंतात बंद पडला. कोणी ठरवून केला नाही, कोणालाच पुढे चालायचं नव्हतं आणि मागे चालायला माणूस नव्हता. हॅरल्डनं सामान विकून टाकलं. सिरिलची जादा टोपी त्यानं धुऊन माझ्याकडे दिली, स्वतः काही त्याला भेटायला गेला नाही. डोरीननं नारिंगी टोपी पोस्टानं पाठवली, बरोबर चार पानी पत्र. मी ते सिरिलला वाचून दाखवलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "पाय सुकले का तिचे, विचार."

मी दर बुधवारी जाते. त्याची पिशवी पलंगाखाली आहे. ती मी टेबलावर उपसायची, त्यानं एकेक वस्तू हातात घेऊन बघायची, आणि मी परत भरायची. सेल मात्र तिथल्या बायकांनी काढून घेतलेत, धोका म्हणून. तो दर वेळी बॅटरीचं बटण दाबून बघतो. मी दर वेळी सांगते की पुढच्या बुधवारी आणते. पुढच्या बुधवारी कुठे जायचंय हे आम्ही दोघंही विचारत नाही.

मला त्यानं शिव्या घालाव्यात म्हणून मी वर्षभर वाट बघितली. गेल्या आठवड्यात शेवटी मीच म्हणाले, "चूक माझी होती, सिरिल."

"दिवा काढून मी दिला," तो म्हणाला. "चौतीस वर्षं कधी काढला नव्हता." तो नाडी बोटाभोवती गुंडाळत होता. "तू आदल्या दिवशी मला काढायलाच आली होतीस ना? तीन कप चहा प्यायलीस. तू कधी एकाच्या वर पीत नाहीस."

"हो," मी म्हणाले. "कालव्याच्या फेरीला जा म्हणून सांगणार होते."

"वाटलंच मला," तो म्हणाला. "वर टोपी दिसली तेव्हा तुला वाटलं असेल, मी वेळेत पोचलो."

"हो."

"बरं वाटलं तुला?"

खोटं बोलले असते तर त्यानं ओळखलं असतं. "खूप बरं वाटलं," मी म्हणाले.

त्यानं गुंडाळलेली नाडी माझ्या हातात दिली, पिशवीत ठेवायला.

"मलाही वाटलं असतं," तो म्हणाला.