नर्सबाईसाठी वांगी

आमच्या शेजारचा माळी मोताळ्याच्या बाजारात वांगी विकायला बसे. बोलणं मोजकंच, आणि प्रत्येक वाक्याआधी एक उसासा. गिऱ्हाईक भांडलं तरी तो वाद घालत नसे. वांग्याचा देठ अंगठ्यानं पुसत बसून राही.

दर डिसेंबरात मात्र तो टोपली घेऊन अकोल्याला, चर्चच्या मैदानातल्या नाताळच्या बाजाराला जाई. त्याची बायको तिथल्या दवाखान्यात वारली होती. शेवटपर्यंत तिची सेवा करणारी नर्सबाई त्या बाजारात लोकरीच्या टोप्या विकायची. ती वांगी तिच्यासाठी असत.

एका वर्षी मीही सोबत गेलो. सगळा प्रवास उभ्यानं झाला, पोचेपर्यंत संध्याकाळ होत आली. बाई फार म्हातारी झाली होती. टोपली पाहून ती म्हणाली, "दादा, भाजी इथं नाही विकायची. भाजीबाजार तिकडं आहे."

"हो, बाई," तो म्हणाला.

मी हळूच म्हटलं, "अहो, सांगा ना तिला, तुम्ही कोण ते."

"कशाले, मास्तर? थकली ते. आता आठवाले लावलं त तिले उगाच तरास."

बाई दुकान आवरू लागली. त्यानं तिचं टेबल उचलून व्हरांड्यात नेलं आणि टोपली त्याखाली सरकवून ठेवली. बाईनं त्याच्या हातावर हात ठेवून आभार मानले.

परतीच्या गाडीत तो रिकामे हात मांडीवर ठेवून बसला. मग म्हणाला, "हात अजून तसाच गरम हाय तिचा. माह्या बायकोच्या कपायावर होता तो."