आधी मीटर

मुखेडच्या स्टँडमागे मोटरी दुरुस्त करणाऱ्या त्या बाईंना मी एकदाच भेटलो. आमच्या बोअरची मोटर जळाली, असं गावातल्या मेकॅनिकनं त्याचं मल्टिमीटर लावून ठासून सांगितलं होतं. बाईंनी मात्र आपल्या मीटरच्या दोन्ही तारांची टोकं आधी एकमेकांनाच टेकवली. शून्य आलं, म्हणजे मीटर ठीक. मग मोटरीच्या तिन्ही वायरींचा रोध जोडीजोडीनं मोजला. आकडे अगदी सारखे!

“मोटर लई चांगली हाय, सर. स्टार्टर बघा. त्यांच्या मीटरचीच तार तुटली असंल. आधी मीटर खरं बोलतंय का बघावं, मग मोटरीला जळाली म्हणावं.”

वीस वर्षं शाळेत ओहमचा नियम शिकवतोय मी, पण आधी मीटर तपासायचं काही सुचलं नव्हतं!

हल्ली पोरांचे पेपर तपासण्याआधी मी गणित स्वतः सोडवून बघतो. परवा माझंच उत्तर चुकलं.